पहिल्या आवृत्तीचं पहिलं पान

या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, तेव्हा वाचायच्या आधी मी ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. कागद कसला आहे, सही शाईची आहे की रबरी शिक्क्याची, पाकीट एकदा उघडून पुन्हा चिकटवलंय का, हे सगळं बघून झाल्यावर मजकुराकडे वळलो. बायको म्हणाली, "अहो, दिवाळीसाठी लेख मागताहेत ते. जप्तीची नोटीस नाहीये." पण चाळीस वर्षांची सवय अशी जात नाही. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात समोर आलेली प्रत्येक गोष्ट आधी खोटी धरायची आणि मग तिनं आपण खरी असल्याचं सिद्ध करायचं, अशी रीत आहे. मी ती रीत पुस्तकांपुरती ठेवली नाही. त्याचा हा कबुलीजबाब समजा.

आमच्या घराण्यात पुस्तकाशी कुणाचा संबंध नव्हता. आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत होते, वडील तबेल्याकडे हिशेबनीस. मी सरकारी छापखान्यात बांधणीच्या खात्यात लागलो. एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात. त्याला फर्मा म्हणतात. तो दुमडला की एक जुज होतं. अशी जुजं एकावर एक ठेवून दोऱ्यानं शिवायची, पाठीला सरस लावायचा आणि वर पुठ्ठा चढवायचा. बारा वर्षं मी हेच केलं. पुस्तक कसं उभं राहतं ते मला हातांनी कळत होतं. म्हणून ते कुणी पाडलं, फाडलं किंवा डागडुजी करून उभं केलं, तेही कळायचं.

मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं राज्य आलं आणि सहा महिने ग्वाल्हेर, सहा महिने इंदूर अशी राजधानी फिरू लागली. फायलींच्या पेट्या जायच्या, यायच्या. आमच्या छापखान्यातली माणसं कमी झाली, त्यात मीही घरी बसलो. त्याच सुमाराला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सरदार-मानकऱ्यांची घरं आवरायला लागली होती. जहागिरी गेल्या, बदल्या झाल्या, कुणी पुण्याला निघालं, कुणी बडोद्याला. प्रत्येक घरातून पुस्तकं बाहेर पडत होती. जयेंद्रगंजात एका घराच्या रस्त्याकडच्या खोलीत मी दुकान मांडलं.

पोथ्या, बखरी विकत घेणारे पुष्कळ होते. मी हात घातला तो निराळ्याच मालाला. विलीनीकरणाच्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांत आमच्याकडच्या काही शिकलेल्या लोकांना युरोपातल्या नव्या कादंबऱ्यांचं वेड लागलं होतं. त्यांतला नायक सकाळी खिडकीशी येऊन बसतो आणि दोनशे पानं उठत नाही. जे घडतं ते त्याच्या डोक्यात. अशा कादंबऱ्या इंग्रजीवरून मराठीत आणून तीनशे-चारशे प्रती छापायच्या, त्यातल्या पन्नास मित्रांना वाटायच्या आणि उरलेल्या वाळवीला. म्हणून पहिली आवृत्ती मिळणं मुश्कील. पुढे पुण्या-मुंबईकडे या कादंबऱ्यांची चर्चा सुरू झाली आणि पहिल्या आवृत्तीसाठी लोक मला पत्रं लिहू लागले.

जिथं मागणी तिथं लबाडी. कुणी दुसऱ्या आवृत्तीचा "दुसरी" हा शब्द ब्लेडनं खरवडायचं. कुणी वाचनालयाचा शिक्का औषधानं धुऊन आणायचं, पण कागदावर ओल सुकल्यासारखी कडा राहायची. मी पुस्तक घ्यायचो, नाकाशी धरायचो, पाठ दाबून बघायचो, पानं उजेडात धरायचो. आतला मजकूर वाचायची मला कधी गरज वाटली नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, कारण माझी खरी चूक त्यातच आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. बिर्ला नगरच्या मिलमधले एक जॉबर, म्हणजे मुकादम, फक्त कडा न कापलेली पुस्तकं घेत आणि घरी नेऊनही कापत नसत. "एकदा कापलं की संपलं ना, दळवीजी," म्हणायचे. पण सगळ्यात जास्त संशय मला आला तो एका पेन्शनर गृहस्थांचा. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. ते एकाच अनुवादित कादंबरीची चौकशी करत. "किती प्रती आहेत? कुणाकुणाला विकल्यात? पत्ते आहेत?" मूळ कादंबरी परदेशी, दिवस नव्या सरकारचे. मी मनात पक्कं केलं, हा सीआयडीचा माणूस आहे. दोन प्रती दिल्या, तिसरी लपवली आणि पाचव्या खेपेला त्यांच्या मागोमाग गेलो.

ते नयी सडकेच्या एका गल्लीत शिरले. मागच्या अंगणात तांब्याचा बंब पेटलेला होता आणि गृहस्थ पाटावर बसून माझ्याच दुकानातल्या प्रतीची पानं एकेक करून त्यात घालत होते.

मला बघून ते दचकले नाहीत. म्हणाले, "या, बसा. तुम्हाला काय वाटलं, पोलीस?"

"तसं नाही, पण..."

"माझाच अनुवाद आहे हा. टोपणनावानं केलेला. मूळ इंग्रजी प्रत पुन्हा वाचली मध्यंतरी. नायिका खोकते, तिथं मी तिला हसवलंय. आणि त्या खोकल्यावर पुढची तीनशे पानं उभी आहेत, दळवी. तिला क्षय आहे. माझ्या पुस्तकात ती बाई हसत हसत मरते."

लपवलेल्या तिसऱ्या प्रतीबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. ती पुढे सोलापूरच्या एका संग्राहकाकडे गेली आणि माझ्या माहितीत ती एकच उरली आहे. त्या गृहस्थांना वाटत राहिलं की सगळ्या जळाल्या. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

आता मुख्य गोष्ट.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सचिवालयातले एक अधिकारी. त्यांना मी साहेब म्हणायचो, इथंही तेच म्हणतो. साहेब वाचणारे होते, बोलायला गोड होते आणि त्यांच्या कपाटात या नव्या कादंबऱ्यांच्या सत्तर-एक पहिल्या आवृत्त्या होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्या हातून गेलेल्या. त्यांच्या संग्रहातलं मानाचं पुस्तक म्हणजे 'पाण्याखालचं स्टेशन'. मूळ लेखकाचं नाव उच्चारायला मला कधीच जमलं नाही. अनुवादक म्हणून गावातल्या एका प्राध्यापकांचं नाव होतं. त्यांची मुलंबाळं आहेत, तेव्हा नाव राहू द्या. लष्करातच छापलेलं, प्रती फार थोड्या. माझ्या डोळ्यांखालून तोवर सहा गेल्या होत्या. सहाही प्रतींवर प्राध्यापकांचं नाव.

एका सकाळी साहेब टांग्यातून उतरले. पुस्तकं चाळता चाळता म्हणाले, "दळवी, स्टेशनच्या नकली प्रती निघाल्यात म्हणे. जरा जपून हं."

"कुणाकडून ऐकलंत?"

"ऐकतो आपला. प्राध्यापकसाहेबही म्हणत होते." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला.

चार दिवसांनी एक बाई दुकानात आल्या. पस्तिशीच्या असतील. नऊवारी नाही, पांढऱ्या काठांची पाचवारी साडी, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "मी विमल सप्रे. मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. तुम्ही जुन्या पुस्तकांबद्दल लिहून देता, असं कळलं."

त्या काळात माझ्या लेखी अभिप्रायाला थोडी किंमत आली होती. वाटण्यांमध्ये, देणग्यांमध्ये लोक तो मागत.

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. 'पाण्याखालचं स्टेशन'. पहिलं पान उघडलं आणि मी सावध झालो. पानाभोवती तांबड्या शाईची चौकट होती, आणि खाली छापलं होतं: अनुवाद, विमल सप्रे.

"सध्या संस्थानच्या सगळ्या नोकऱ्या नव्या राज्याच्या यादीत बसवताहेत," त्या म्हणाल्या. "कॉलेजात मराठीची जागा आहे. मी एम.ए. आहे, पण कमिटी छापलेलं काम मागते. माझं छापलेलं काम हे एवढंच. आणि कमिटीवर प्राध्यापकसाहेब स्वतः आहेत. ते म्हणतात, पुस्तक त्यांचं. मग खरी पहिली आवृत्ती कुठली ते तुम्ही बघून लिहून द्या. बस, इतकंच."

मी पान उजेडात धरलं. बोटानं शिवणीच्या बाजूला चाचपलं. पान जुजात नव्हतं, चिकटवलेलं होतं. आणि खळ ताजी होती. कणकेच्या खळीला आठ-पंधरा दिवस एक आंबूस वास राहतो, तो येत होता.

"हे पान चिकटवलंय, बाई."

"हो. मीच चिकटवलं, गेल्या आठवड्यात."

"का?"

"कारण मीच ते फाडलं होतं." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "पुस्तक छापून झाल्यावर मला पहिल्यांदा ही एक प्रत मिळाली. महिन्याभरानं दुकानात बाकीच्या प्रती बघितल्या, तर त्यांच्यावर सरांचं, म्हणजे प्राध्यापकसाहेबांचं, नाव. विचारायला गेले. सर म्हणाले, विमल, बाईच्या नावावर असली कादंबरी कोण घेईल? तुला शिकवलं मी, मग नाव माझं असलं तर काय बिघडलं? घरी आले आणि रागानं हे पान फाडून ट्रंकेत टाकलं. नऊ वर्षं तिथंच होतं."

गोष्ट ऐकायला चांगली होती. माझ्या अनुभवात खोट्या मालाबरोबर येणारी गोष्ट नेहमीच चांगली असते. मी मनात जुळवणी केली: सहा प्रतींवर एक नाव, सातवीवर दुसरं. सहा प्रतींत चौकट नाही, हिच्यात आहे. पान सुटं, खळ ताजी, वर बाईंना नोकरीसाठी गरज. आणि साहेबांचा इशारा तर चारच दिवसांपूर्वीचा. एवढ्या खुणा एका ठिकाणी मिळाल्या की मला दुसरं काही दिसायचं नाही.

ओल्या बोळ्यानं ती खळ मऊ केली असती, पान अलगद उचललं असतं आणि फाटलेल्या दोन कडा एकमेकींना लावून पाहिल्या असत्या, तर दहा मिनिटांत खरं काय ते कळलं असतं. फाटलेला कागद खोटं बोलत नाही. दात दाताला बसतात किंवा बसत नाहीत. बाईंनीच सुचवलं, "उघडून बघा ना. माझी काही हरकत नाही."

आणि मला वाटलं, हिला इतकी खात्री आहे म्हणजे हिनं कडाही जुळवून आणल्या असणार.

मी उघडलं नाही. पण लिहून मात्र दिलं. त्यांना नाही, त्या मान हलवून निघून गेल्या होत्या. दोन दिवसांनी कमिटीकडून त्याच प्रतीबद्दल विचारणारं पत्र आलं, त्याला उत्तर म्हणून. "सदर प्रतीचे शीर्षकाचे पान मूळचे नसून अलीकडे चिकटविलेले आहे. इतर सर्व ज्ञात प्रतींशी ते जुळत नाही." प्रत्येक शब्द खरा होता. खाली ठसठशीत सही केली आणि त्या दिवशी मला स्वतःचा अभिमानही वाटला.

विमलबाईंना ती जागा मिळाली नाही. उलट खोटा पुरावा सादर केल्याचा शेरा मिळाला आणि शिवपुरीच्या शाळेत बदली झाली. हे मला बाजारात कळलं. मी म्हटलं, झालं ते योग्यच झालं.

बायको मात्र म्हणाली, "तुम्ही त्यांना परत बोलावून एकदा नीट बघायला हवं होतं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"पुस्तकातलं नाही कळत. पण खोटं करणारी बाई ओल्या बोळ्यानं सुटणारी कणकेची खळ कशाला लावेल? बाजारात सरस मिळतो की."

मी तिला गप्प बसवलं.

दोन-तीन वर्षं गेली. पुन्हा राज्यांची फेररचना झाली. मध्य भारत गेलं, नवं मोठं राज्य झालं, राजधानी भोपाळला ठरली. मोतीमहालातल्या सचिवालयात फायलींच्या पेट्या खिळे ठोकून बंद होत होत्या. जयेंद्रगंजातल्या निम्म्या घरांपुढे सामानाच्या गाड्या उभ्या. साहेबांचीही बदली झाली. संग्रह हलवायचा म्हणून कपाट काढलं, तर खालच्या फळीला वाळवी लागलेली. सहा पुस्तकं त्यांनी माझ्याकडे पाठवली, वर चिठ्ठी: "फक्त पाठी बदलाव्यात. आतली शिवण उसवू नये."

शिवण उसवू नये, हे कुठलाही संग्राहक सांगेल. तरी मला ते खटकलं. साहेबांनी मला असं याआधी कधी सांगितलं नव्हतं.

पाच पुस्तकं झाली. सहावं 'पाण्याखालचं स्टेशन'. मीच त्यांना विकलेलं, त्यांच्या संग्रहातलं मानाचं. पाठ काढली तर वाळवीनं पहिल्या दोन जुजांचा दोराच खाल्लेला. उसवायचा प्रश्नच उरला नाही, शिवण आपोआप हातात आली. कोरं पान मी बाजूला केलं. त्याच्या खाली प्राध्यापकांच्या नावाचं पान. आणि ते पान जुजातलं नव्हतं. एका अरुंद पट्टीवर सरसानं चिकटवलेलं होतं. पट्टी म्हणजे मूळचं पान कापून टाकल्यावर शिवणीशी उरलेला तुकडा, अर्ध्या बोटाएवढा. त्या पट्टीवर वरपासून खालपर्यंत तांबड्या शाईची एक सरळ रेघ होती.

चौकटीची डावी रेघ.

म्हणजे मूळ छापलेलं पान चौकटीचं होतं. विमलबाईंच्या प्रतीत होतं तसंच. बाकी सगळ्या प्रतींतून ते कापून त्या जागी दुसरं लावलं होतं. वर कोरं पान इतकं घट्ट बसवलं होतं की शिवण न उसवता ते दिसणं शक्य नव्हतं. आणि दुर्मीळ पुस्तकाची शिवण उसवायची नाही, हा माझाच नियम. ज्या सहा प्रतींच्या आधारावर मी एका बाईला खोटं ठरवलं, त्या सहाही प्रती खोट्या होत्या, आणि त्यातल्या तीन मीच "अस्सल पहिली आवृत्ती" म्हणून विकल्या होत्या.

मी ते उघडं पुस्तक तसंच फडक्यात गुंडाळून साहेबांच्या घरी गेलो. बैठकीत सामान बांधलेलं होतं, दोनच खुर्च्या उरल्या होत्या. मी पुस्तक त्यांच्या समोर उलगडलं.

साहेबांनी चष्मा लावला, पट्टी बघितली, चष्मा काढला. "मी म्हणालो होतो, शिवण उसवू नका."

"वाळवीनं उसवली, साहेब. हे पान मागून लावलेलं आहे. बाई खरं सांगत होत्या."

"अच्छा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? पुस्तक तुम्ही विकलंत, अस्सल म्हणून. त्या बाईंची प्रत नकली, हेही तुम्हीच लिहून दिलंत. मी तर कशावर सही केलेली नाही." मग एकदम मऊ आवाजात, "छोडिए ना, दळवी. प्राध्यापकसाहेब रिटायर झाले, कमिटी राहिली नाही, राज्यसुद्धा राहिलं नाही. पाठ लावा आणि परवापर्यंत पोचतं करा."

त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. तो इशारा त्यांनी भाबडेपणानं दिला की कुणाच्या सांगण्यावरून, हेही नाही. संशयावर आयुष्य काढलेल्या माणसाला नेमक्या त्या एका ठिकाणी संशय पुरा करता आला नाही. पण त्यांचं वाक्य खोटं नव्हतं. सही माझी होती.

मी पाठ लावून पुस्तक पोचतं केलं. त्याआधी पट्टीचं वर्णन सविस्तर लिहून ठेवलं आणि माझा आधीचा अभिप्राय चुकीचा होता असं पत्र कमिटीच्या पत्त्यावर पाठवलं. ते परत आलं. कार्यालय बंद. मग भोपाळला पाठवलं. तिथून चार महिन्यांनी उत्तर आलं की सदर फाईल स्थलांतरात आढळून येत नाही, आढळल्यास कार्यवाही करू. तिसऱ्या पत्राला उत्तरच नाही. ज्या कागदानं बाईंचं नुकसान केलं तो बरोबर पोचला होता. तो खोडून काढणारा कागद कुठंच पोचत नव्हता.

शेवटी बायको म्हणाली, "कागद कशाला पाठवता? स्वतः जा."

मी नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं शिवपुरीला गेलो. ती गाडी इतकी सावकाश जायची की खाली उतरून पुन्हा चढता यायचं. सगळ्या वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. शाळा गावाच्या टोकाला, तांबड्या दगडाची. विमलबाई वर्गावरून बाहेर येत होत्या. केस थोडे पांढरे झालेले. मला त्यांनी लगेच ओळखलं.

मी तिथंच व्हरांड्यात सगळं सांगितलं. पट्टी, तांबडी रेघ, माझी पत्रं. नक्कल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी केली, परत माझ्या हातात ठेवली.

"हे मला कशाला सांगताय, दळवीजी? मला माहीतच आहे ना."

मी ती घडी खिशात ठेवली.

"इथं आले तेव्हा माझ्या आधी माझी गोष्ट पोचली होती. नकली किताबवाली बहनजी. दोन घरच्यांनी मुलींना मराठीतून काढून हिंदीत घातलं. सांगायचंच असेल तर तिथं सांगा." त्यांनी वर्गाकडे बोट केलं. "अकरा मुली आहेत. त्यांचा तास आहे आता माझा."

छापखान्यात, बाजारात, साहेबांसमोर मी कधी घाबरलो नव्हतो. त्या दारातून आत जाताना घाबरलो. आठवीच्या मुली, दोन वेण्या, निळे स्कर्ट. बाई म्हणाल्या, "हे ग्वाल्हेरचे दळवीजी. जुन्या पुस्तकांचे जाणकार. यांना काही सांगायचंय." आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

मी सांगितलं. फर्मा म्हणजे काय, जुज म्हणजे काय, पान कसं कापतात, कसं लावतात. मग म्हणालो की तुमच्या बाईंचं पुस्तक खरं होतं, त्यांचं नाव खरं होतं, आणि मी ते खोटं आहे असं लिहून दिलं. माझी चूक झाली.

मग खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. "सर, तुम्ही ती किताब वाचली होती?"

"नाही," मी म्हणालो.

"पूरी नाही, की बिल्कुल नाही?"

"बिल्कुल नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं की बाईंनी नाही लिहिली?"

मी बाईंकडे बघितलं. वाटलं, त्या मुलीला खाली बसायला सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. त्या उठल्या, टेबलाच्या खणातून पुस्तक काढलं, मधलंच एक पान उघडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वाचा. मोठ्यानं."

मी वाचायला लागलो. दूर कुठल्या तरी बर्फाच्या देशातली एक म्हातारी, एकटी, मुलाच्या पत्राची वाट बघत घरात वावरते आहे. ती अलमारी उघडते, बंद करते. सिगडी फुंकते. स्वतःशीच बोलते: "आता येईल तो, आता येईल. नाही आला तर काय करून घेईन मी त्याचं? जाऊ दे, मी आपली भाजी चिरून घेते." मी थांबलो. ही माझ्या आईची बोली होती. लष्करातल्या बायका स्वयंपाकघरात बोलायच्या ती, हिंदीला अंगाखांद्यावर खेळवणारी. प्राध्यापक मूळचे पुण्याचे. त्यांना आमच्या या मराठीची शरम वाटायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. असलं एक वाक्य त्यांनी हात तोडला तरी लिहिलं नसतं. पुस्तक कुणाचं आहे ते प्रत्येक पानावर लिहिलेलं होतं. मी कागद तपासला, शाई तपासली, खळीचा वास घेतला. दहा वर्षांत सहा प्रती हाताळल्या आणि एक ओळ वाचली नाही.

"थांबलात का?" मागून बाई म्हणाल्या.

मी पुढे वाचलं. तास संपेपर्यंत वाचलं.

विमलबाईंना कॉलेजची जागा पुढेही मिळाली नाही. त्या शिवपुरीतच मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. ती फाईल अजून कुणाला सापडलेली नाही. माफ केलं, असं त्या मला कधी म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. त्या दिवशी निघताना मी म्हणालो, तुमची प्रत द्या, पान नीट शिवून देतो, फुकट. त्यांनी पुस्तक छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "नको. राहू दे तसंच. तुमच्या हातात नाही देणार."

मी मान डोलावली आणि स्टेशनचा रस्ता धरला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं.